भिंगारदिव्यांची पिवळी

भिंगारमध्ये रंभाजी भिंगारदिव्यांचं घर विचारलं, तर लोक आधी उलट विचारतात, "कोणते? पिवळीवाले का?" पिवळी म्हणजे गाय नव्हे आणि घोडीही नव्हे. पिवळी म्हणजे रायफल. तसं भिंगार छावणीचं गाव, बंदुकीचं नवल तिथं कुणाला वाटायला नको. पण ही बंदूक सरकारी नव्हती. लष्कराच्या वर्कशॉपातून फिटर म्हणून रिटायर झालेल्या एका साध्या माणसाच्या नावावर होती, लायसन्ससकट, आणि घरातल्या लोखंडी कपाटात कुलूपबंद राहत होती. तिचं मधलं अंग, चाप आणि घोडा जिथं बसतो तो भाग, सगळा पितळेचा. म्हणून पिवळी.

रंभाजींच्या बायकोनं, सुमनबाईंनी, मात्र तिला कधी पिवळी म्हटलं नाही. त्या तिला नुसतं 'ती' म्हणत. "तिला तेल पाजून झालं असंल तर जेवायला या." "रविवार हाय, आज तुमी तिच्या संगं." शेजारणी तोंडाला पदर लावून हसायच्या. सुमनबाईंना त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे. दुसऱ्यांचे नवरे निदान माणसांच्या नादी लागतात, आपला लोखंडाच्या आणि पितळेच्या नादी लागला, आता तक्रार तरी कुणाकडं करायची, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

ही घरात आली कशी, ते सांगायला हवं. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी अमेरिकेत अशा धाटणीच्या रायफली निघाल्या. चापाखाली कडीसारखी एक दांडी असते. दांडी खाली ढकलली की झाडलेलं काडतूस टुणकन बाहेर, वर ओढली की नवं आत. रंभाजींची काही तेवढी जुनी नव्हती. इटलीतल्या कुठल्याशा कारखान्यानं केलेली ती हुबेहूब नक्कल होती, बावीस बोअरची, निशाण मारण्यापुरती. वर्कशॉपातल्या एका कर्नलसाहेबांच्या भावानं परदेशातून कायमचं परतताना ती आणून साहेबांच्या नावे केली होती, आणि आणल्यावर वर्षभरात तिची काडतुसावर ठोका मारणारी पिन मोडली. बाहेरून सुटा भाग मागवायचा म्हणजे अर्जांची माळ लावा. रंभाजींनी मोडक्या ड्रिलच्या दांड्यातून तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत घासून घासून नवी पिन केली. साहेबांनी पाच गोळ्या झाडल्या, पाचही नीट गेल्या. "भिंगारदिवे, ही माझ्यापेक्षा तुझं ऐकते," साहेब म्हणाले, आणि बदलीच्या वेळी ती रंभाजींनीच घ्यावी म्हणून हटून बसले. रंभाजींना हो म्हणायला दोन दिवस लागले आणि लायसन्स मिळायला अडीच वर्षं.

कुणी कौतुकानं "काय काका, अँटिक पीस आहे" असं म्हटलं की रंभाजी लगेच अडवत. "अँटिक न्हाई. नक्कल हाय. पण करणारा कारागीर अस्सल होता." खोट्या मोठेपणाचा त्यांना मनस्वी तिटकारा. मापात केसभर फरक असला तर तो फरकच, मग तो आपल्या बाजूनं असो नाहीतर दुसऱ्याच्या. चौतीस वर्षं त्यांनी नोकरीत तेच केलं आणि घरातही तेच. पडद्याचा दांडा तिरका बसला म्हणून त्यांनी दिवाळीच्या दिवसात भिंतीतले खिळे तीनदा उपटले होते, आणि सुमनबाईंनी त्या दिवशी त्यांना जेवायला वाढलं नव्हतं.

सव्वीस वर्षं रंभाजी दर रविवारी सकाळी नगरच्या रायफल क्लबात जात होते. पंचवीस मीटरवर कागदाचं निशाण, मधे काळं वर्तुळ, आणि उभ्यानं दहा गोळ्या. क्लबात नव्या धाटणीच्या रायफली घेऊन पोरंपोरी यायची, अंगात जाड जाकीटं, डोळ्यावर झापडं. रंभाजी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून उभे राहायचे आणि पिवळीची दांडी खाली-वर करायचे. त्या आवाजाला पोरं माना वळवून बघायची. बक्षीस त्यांना कधी मिळालं नाही, आणि त्याची खंतही नव्हती.

पण एका बोलानं त्यांनी स्वतःला बांधून घेतलं होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी क्लबातल्या एका वयस्कर सभासदाची गोळी शेजारच्या निशाणावर जाऊन बसली. तो गृहस्थ मानायलाच तयार नव्हता. डोळे गेले, हात गेला, तरी रायफल सोडवेना. त्या दिवशी रंभाजी सगळ्यांसमोर बोलून बसले, "एप्रिलच्या स्पर्धेत ज्या वर्षी माझ्या दहातल्या सहा काळ्यात बसणार न्हाईत, त्या वर्षी पिवळी क्लबाच्या ताब्यात. लायसन्स पुढं वाढवणार न्हाई." बोलायला काय जातं, तेव्हा दहातल्या नऊ बसत होत्या. गेल्या वर्षी सात बसल्या. यंदा जूनमध्ये लायसन्सची मुदत संपत होती.

आणि हात कापायला लागून दोन वर्षं झाली होती.

रंभाजींना वाटे, हे कुणाला कळलेलं नाही. पेपर ते गुडघ्यावर ठेवून वाचत. कुणी आलं की उजवा हात लेंग्याच्या खिशात. पाथर्डीला शिक्षिका असलेली मुलगी प्रज्ञा आली की तिच्यासमोर ते चमच्यानं आमटी खाणं टाळून भाकरी कुस्करून घेत. सुमनबाई सगळं बघत होत्या. त्या त्यांना चहा अर्धाच कप द्यायला लागल्या, बशीत सांडू नये म्हणून. "काय गं, दूध महागलं का?" रंभाजी कुरकुरायचे. "व्हय, लई महागलंय," म्हणून सुमनबाई आत निघून जायच्या आणि आत गेल्यावर ओट्याला टेकून घटकाभर उभ्या राहायच्या. हात कापतो असं त्या बोलून दाखवणार नव्हत्या. माणूस जे दिवसभर एवढ्या कष्टानं झाकतो, ते आपण उघडं करायचं तर मग आपण बायको कसली.

गेल्या दोन-अडीच वर्षांत निवडणुकाही लागोपाठ आल्या. निवडणूक आली की लायसन्सच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या, हा दंडकच. लोकसभेला पिवळी गेली, विधानसभेला गेली, मग महापालिका आणि झेडपीला गेली. ठाण्यातला हवालदार गोरक्षनाथ मायाळू माणूस. तो ती पोत्यात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवायचा. पण पितळ ते पितळ, वारा लागला की काळं पडणार. यंदा मार्चमध्ये पिवळी घरी आली ती डागाळून, जुन्या घंगाळासारखी. रंभाजी तेलाचं फडकं घेऊन पुसायला बसले. पाच मिनिटांत फडकं हातातून तीनदा पडलं. तिसऱ्यांदा त्यांनी ते उचललंच नाही. रायफल कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि बाहेर ओसरीवर जाऊन बसले.

सुमनबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून हे पाहिलं.

चौदा एप्रिल जवळ आला होता. जयंतीला प्रज्ञा येणार, जावई येणार, म्हणून सुमनबाईंनी सोमवारी घरातलं सगळं पितळ काढलं. तांबे, समई, परात, पाण्याचा हंडा. चिंच भिजत घातली, राख चाळून घेतली. रंभाजी डोळे तपासायला गेले होते आणि धुवायला टाकलेल्या लेंग्याच्या खिशात कपाटाची किल्ली राहिली होती. आता यापुढं जे झालं त्याला काय म्हणायचं, तुम्हीच ठरवा. सव्वीस वर्षं जिला हात लावला नाही, तिला सुमनबाईंनी कपाटातून बाहेर काढली, मोरीत आडवी धरली आणि चिंचेनं खसाखसा घासली. राखेचा हात फिरवला. वरून दोन तांबे पाणी घातलं. पदरानं कोरडी केली, उन्हात धरून बघितली, आणि पितळ असं झळकलं की त्यांच्या तोंडून आपसूक निघालं, "दिसतीस की गं बरी." मग पुन्हा कपाटात.

मंगळवारी संध्याकाळी रंभाजींनी कपाट उघडलं. पिवळी लखलखत होती. त्यांना आधी बरं वाटलं, डोळ्यांत घातलेल्या औषधाचा गुण असावा असंही वाटलं असेल. मग त्यांनी दांडी खाली ढकलली. दांडी अर्ध्यात अडली. पुन्हा ढकलली. कुरकुर असा आवाज आला आणि दांडी तिथंच राहिली, ना खाली ना वर. रविवारी स्पर्धा.

"ठाण्याच्या मालखान्यात कुणीतरी हिच्याशी खेळलंय," रंभाजींचा चेहरा लाल झाला. "उद्या अर्जच देतो. सायबाला लेखी देतो."

सुमनबाईंच्या हातातली कणीक तशीच राहिली. अर्ज म्हणजे गोरक्षनाथ अडकणार. गरीब बिचारा, दर वेळी 'मावशी, काळजी नको, वरच्या फळीवर ठेवली' म्हणून निरोप धाडणारा. आणि दांडी अशी अडलेली असताना हा माणूस रविवारी क्लबात उभा कसा राहणार? दहातल्या सहा दूरच राहिल्या, एकही गोळी झाडता येणार नाही, आणि बोलल्याप्रमाणं पिवळी जमा करून मोकळा होणार, ते कुणामुळं, तर आपल्यामुळं. हिच्या नावानं आपण एवढी वर्षं बोटं मोडली ती काय आज फळाला यायची होती?

"अर्ज कुठं पळून जातोय का?" त्या एवढंच म्हणाल्या. "आधी उघडून तर बघा. फिटर हाय न्हवं तुमी?"

बुधवारी सकाळी ओसरीवर चादर अंथरली. रंभाजींनी चष्मा चढवला, पेचकस घेतला, आणि बाजूच्या पत्र्याचा स्क्रू शोधू लागले. पेचकसाचं टोक स्क्रूच्या खाचेभोवती फिरत राहिलं, खाचेत काही बसेना. पितळेवर एक बारीक ओरखडा उठला. रंभाजी थांबले. ओसरीवर दोघंच होते, तरी त्यांनी हात चादरीखाली घेतला.

"उन्हाची तिरीप येतीय, दिसत न्हाई," ते म्हणाले.

"मग मला सांगा. मी फिरवते," सुमनबाई म्हणाल्या आणि पेचकस काढून घेतला.

ज्या बाईनं शिलाई मशीनचा पट्टासुद्धा कधी स्वतः चढवला नव्हता, ती रायफल उघडायला बसली. रंभाजी सांगत होते, त्या करत होत्या. "दाब आधी, मग फिरव. डावीकडं. अगं डावीकडं म्हंजे तुझ्या बांगड्यांच्या हाताकडं." "दोन्ही हातांत बांगड्या हायेत माझ्या." "जास्त बांगड्यांच्या." स्क्रू सुटला, पत्रा निघाला. आत काडतूस उचलून वर आणणारा पितळेचा ठोकळा होता, त्याला रंभाजी पाळणा म्हणत. पाळण्याच्या कडेला काळपट चिकट लगदा बसला होता, त्यात राख, आणि स्प्रिंगवर तांबूस गंज. रंभाजी वाकले. नाक जवळ नेलं.

सुमनबाईंनी डोळे मिटून घेतले. आता फुटतंय, असं त्यांना वाटलं.

"रॉकेलचा बोळा दे," रंभाजी म्हणाले. "आणि ते अर्जाचं राहू दे. गोरक्षनाथाची काही चूक नसंल."

दोन दिवस लागले. सुमनबाईंनी एकेक भाग रॉकेलमध्ये बुडवला, दात घासायच्या जुन्या ब्रशनं घासला, स्प्रिंगचा गंज बारीक कागदानं उतरवला. रंभाजी शेजारी बसून एकेका भागाचं नाव, काम आणि स्वभाव सांगत होते. हा चाप, ही कडी, हा घोडा, ही मी केलेली पिन, बघ, एकोणतीस वर्षं झाली, टोक जसंच्या तसं. एवढं सलग ते सुमनबाईंशी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात तरी बोलले होते की नाही, शंकाच आहे. शुक्रवारी संध्याकाळी पत्रा बसला, स्क्रू आवळला गेला, रंभाजींनी दांडी खाली-वर केली आणि ती लोण्यातून फिरावी तशी फिरली. सुमनबाईंनी मनोमन हुश्श केलं. पण मनातलं बोचणं गेलं नाही. आत कुठं एखादा चिंचेचा धागा राहिला असेल आणि नेमका रविवारी आडवा आला, तर?

म्हणून रविवारी त्या स्वतः निघाल्या. "मी बी येते." रंभाजींनी चप्पल घालता घालता वर पाहिलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच ती येत होती. मग रिक्षात आत सरकून त्यांनी जागा केली.

क्लबावर लिंबाच्या झाडाखाली बाकडं होतं, सुमनबाई तिथं बसल्या. पंच म्हणून करण होता. तिशीचा, क्लबाचा प्रशिक्षक, पण पहिला धडा त्यानं रंभाजींच्या हाताखाली गिरवलेला. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "काका, यंदा ज्येष्ठांना टेबलावर हात टेकायची मुभा ठेवलीय. वाळूची पिशवीपण आहे."

"मी बोललो होतो तेव्हा उभ्यानं बोललो होतो," रंभाजी म्हणाले आणि रेषेवर गेले.

सुमनबाईंना निशाण दिसत नव्हतं. त्यांना दिसत होती नवऱ्याची पाठ, घामानं चिकटलेला शर्ट आणि मानेवरचे पांढरे केस. करण दुर्बिणीला डोळा लावून सांगत होता आणि त्या बोटांच्या पेरांवर मोजत होत्या. आत. आत. बाहेर. आत. दांडीचा आवाज प्रत्येक वेळी सुरळीत येत होता, चिंचेचा धागाबिगा कुठं अडला नव्हता. बाहेर. बाहेर. आत. प्रत्येक गोळीआधी नळीचं टोक हवेत बारीक गिरक्या घेई, रंभाजी श्वास धरून ती गिरकी आवरू बघत. बाहेर. मग आत. पाच झाल्या, एक गोळी राहिली. रंभाजींनी रायफल खाली घेतली, नळी जमिनीकडं, आणि चांगली दोन मिनिटं नुसते उभे राहिले. क्लबातल्या पोरापोरींनी आपापलं काम थांबवलं होतं. सगळ्यांना रंभाजींचा तो बोल ठाऊक होता. सव्वीस वर्षं जिचं तोंड बघायचं नाही म्हटलं, तिनं आता एवढी एक गोळी नीट टाकावी म्हणून सुमनबाई पदराचं टोक मुठीत आवळून बसल्या.

दहावी गोळी गेली. करणनं दुर्बीण पुन्हा नीट लावली. मग म्हणाला, "लाईनीवर आहे."

कागद आणला. भोक काळ्या वर्तुळाच्या कडेला, अगदी लगत. "रेषेला लागली असेल तर आत धरतात," करण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "ही लागलीय. सहा."

"गेज लाव," रंभाजी म्हणाले.

गेज म्हणजे गोळीच्या जाडीची गुळगुळीत खुंटी. भोकात घातली की कडा रेषेला शिवते की नाही ते कळतं. क्लबातली ती खुंटी रंभाजींनीच वर्कशॉपच्या दिवसांत लेथवर काढून दिलेली होती, आणि तिच्या मापावर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. करणनं नाइलाजानं ती भोकात बसवली. रंभाजींनी भिंग धरलं. भिंग थरथरत होतं, म्हणून त्यांनी डावा हात लावला आणि बराच वेळ बघितलं.

"केसभर बाहेर हाय," ते म्हणाले. "पाच."

"काका, पंच मी आहे."

"पंच तू हायेस. पण गेज माझी हाय."

तेव्हा लिंबाखालून सुमनबाई उठल्या आणि तरातरा रेषेपर्यंत आल्या. "पोरगं म्हणतंय न्हवं लागली म्हणून? मग तुमी कोण त्यातले? केसभर म्हंजे काय असतं? आख्खं आयुष्य ह्या केसभराच्या पायी..." त्यांनी कागदावर बोट आपटलं. "सव्वीस वर्सं ती माझ्या घरात ऱ्हायली. तिला काढायची तर मला इचारायचं न्हाई? मला पायजे ती घरात. मला सवय झालीय तिची." आणि एवढ्या परक्या लोकांत त्या उभ्याउभ्या रडायला लागल्या. पोरी पुढं झाल्या, कुणी पाण्याची बाटली दिली. रंभाजींनी नळी मोकळी करून दाखवली, फडक्यानं पितळ पुसलं, आणि कागदपत्रं होईस्तोवर क्लबाच्या कपाटात ठेव म्हणून पिवळी करणच्या हातात दिली. त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली.

रिक्षा मिळेपर्यंत दोघं रस्त्याकडेला उभे होते. सुमनबाईंना आता राहवेना.

"माझ्यामुळं झालं," त्या म्हणाल्या. "मी घासली तिला. चिंचंनं. काळी पडली हुती, तुमाला पुसवत नव्हतं... मला बघवलं न्हाई."

"ठाऊक हाय," रंभाजी म्हणाले. "पत्रा निघाला तवाच वास आला."

"मंग बोलला का न्हाईत?"

रंभाजी रस्त्याकडं बघत राहिले. "माझा हात कापतो, हे तू कवा बोललीस?"

रिक्षा आली, दोघं बसले. "रायफल ठीक चालली," थोड्या वेळानं रंभाजी म्हणाले. "तू साफ केलीस ती उत्तम केलीस. गोळ्या बाहेर गेल्या त्या माझ्या. तुझं काही न्हाई त्यात."

जयंती झाली. प्रज्ञा आली, घरातलं झळकतं पितळ बघून गेली, रिकामं कपाट बघून काही विचारायचं तिनं टाळलं. मे महिन्यात दोघं नगरला कचेरीत गेले. रायफल क्लबाच्या नावे करायचा आणि लायसन्स परत करायचा अर्ज. टेबलामागं रश्मी नावाची तरुण कारकून होती, नीटनेटकी आणि कामाला चोख. तिनं संगणकावर एकेक रकाना भरत आणला आणि विचारलं, "कारण काय टाकू, काका? वय लिहू का?"

वय लिहिलं असतं तर चाललं असतं. सुमनबाईंनी हळूच मान हलवूनही दाखवली. पण रंभाजींनी उजवा हात खिशातून काढला आणि टेबलावर ठेवला. "वय न्हाई. हात कापतो. तसंच लिहा."

रश्मीनं लिहिलं, कागद छापून काढला आणि सहीसाठी पुढं केला. रंभाजींनी सही केली. तिनं जुन्या लायसन्सवरच्या सहीशी ताडून बघितली आणि नाही म्हणून मान हलवली. दुसरा कागद दिला. ती सहीसुद्धा उतारावरून गडगडत आल्यासारखी झाली. तिसऱ्यांदा पेनाचं टोक कागदात रुतलं.

"असू दे काका," रश्मी समजुतीनं म्हणाली. "सही जुळत नसली तर अंगठा चालतो. हे घ्या शाईचं पॅड."

सुमनबाईंनी नवऱ्याचा चेहरा बघितला आणि त्यांना सासरे आठवले. रंभाजींचे वडील छावणीत झाडलोट करत. दर पगाराला त्यांचा अंगठा दुसरा कुणीतरी धरून कागदावर दाबायचा, साहेबाच्या टेबलाला आपला हात लागू नये म्हणून अंग चोरून उभं राहावं लागायचं. रंभाजींनी पहिल्या पगाराला सही केली, त्या संध्याकाळी वडिलांनी पोराला कोऱ्या कागदावर पुन्हा सही करायला लावली आणि तो कागद घडी करून मरेपर्यंत खिशात बाळगला. पिवळी गेली तेव्हा रंभाजींनी हूं की चूं केलं नव्हतं. आता मात्र त्यांचा आवाज बदलला.

"अंगठा न्हाई," ते म्हणाले. "दुसरं काहीही सांगा बाई. अंगठा लावणार न्हाई."

मागं रांग चुळबुळायला लागली होती. रश्मी पॅड हातात धरून तशीच राहिली. सुमनबाई खुर्चीवरून उठल्या, नवऱ्याच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या, आणि चार लोकांत कधी केलं नव्हतं ते त्यांनी केलं. त्यांचं उजवं मनगट आपल्या दोन्ही हातांत घेतलं आणि टेबलावर घट्ट दाबून धरलं. बोटं मोकळी ठेवली.

"लिहा आता," त्या म्हणाल्या. "मी धरलंय."

रंभाजींनी पेन टेकवलं. रं काढला, भा काढला, आडनावाची लांबलचक ओळ सावकाश पुरी केली आणि शेवटची मात्रा दिली. रश्मीनं दोन्ही सह्या शेजारी शेजारी धरल्या, वरून खाली बघितल्या आणि म्हणाली, "जुळली." मग शिक्का मारला, पावती फाडली, पुढच्या माणसाला बोलावलं. तरी सुमनबाईंनी मनगट सोडलं नव्हतं, आणि रंभाजींनीही ते सोडवून घेतलं नाही.